बॉबिनला ऐकू येत नाही

मला सगळे फॉर्मबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान अजून शाबूत आहेत. दवाखान्याच्या बालविभागातर्फे मी घरोघरी जाते, दोन वर्षांच्या आतलं मूल असेल त्या घरात तासभर ठाण मांडून बसते आणि पंचेचाळीस प्रश्नांचा एक फॉर्म भरते. मुलाला रांगायला मोकळी जागा आहे का. घरात चित्रांचं पुस्तक आहे का. आई त्याच्याशी बोलते का, खेकसते किती, जवळ घेते किती. मूल आवाजाकडे वळतं का, शब्द किती बोलतं. तीसच्या वर गुण पडले तर घर उत्तम. वीसच्या खाली गेले तर मी लाल रेघ ओढते. सव्वीस वर्षांत एकदा भरलेला फॉर्म मी कधी खोडला नव्हता आणि त्याची मला भारी घमेंड होती. ती कशी उतरली ते सांगते. मधे बोलू नका, मला राग येतो.

घर मागवाल्याचं होतं. कापड विणायचे आठ यंत्रमाग एका लांबलचक खोलीत, आणि तिला चिकटूनच राहायच्या दोन खोल्या. मधे एक दार, तेही सताड उघडं, कारण नवरा-बायको दोघंही मागावर आणि पोर इकडे. मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि आवाज आधी माझ्या तळपायांतून वर आला. खटाखट, खटाखट, आठ ठिकाणी, आठ वेगवेगळ्या तालांत. स्टुलावर पाण्याचा पेला होता, त्यातलं पाणी एक क्षण स्थिर राहत नव्हतं. मी मनात म्हटलं, अरे देवा, ह्यात माणसाचं पिल्लू वाढतंय?

पिल्लू तेरा महिन्यांचं होतं. जन्मलं तेव्हा सूत गुंडाळायच्या बॉबिनएवढंच होतं म्हणून नाव पडलं बॉबिन. आता चांगलं गुटगुटीत झालं होतं, दाराच्या चौकटीला धरून उभं होतं आणि केसांत कापसाचे तंतू. माझ्याकडे असं टक लावून बघायला लागलं, की मी दोनदा रुमालाने तोंड पुसलं. वाटलं, नाश्त्याचं काही चिकटलंय की काय.

त्याची आई मागावरून आली ती थेट माझ्या नाकाशी नाक लावून उभी राहिली. आणि तोंड हे एवढं मोठं उघडून, ओठ ताणून, गाल फुगवून काहीतरी म्हणाली, पण आवाज म्हणाल तर शून्य. बाई मला वेडावतेय असंच मला वाटलं. मी दोन पावलं मागे सरले, तर ती दोन पावलं पुढे आली. शेवटी मी ओरडले, "आधी ते माग बंद करा!" ते तिला बरोबर कळलं.

नवऱ्याने आठही माग बंद केले. शेवटचा थांबला आणि बॉबिनने भोकाड पसरलं. शांतता झाली आणि पोर रडायला लागलं, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. मी फॉर्मवर लिहिलं, "किरकिरे".

"हे नेहमीचंच आहे, बाई," मागवाला हात पुसत म्हणाला. "माग थांबले की हा बिथरतो. झोपलेला असला आणि आठातला एक जरी थांबला तरी टक्क जागा."

"आवाज बंद झाल्यावर कोण जागं होतं हो?" मी म्हटलं. "आवाज झाल्यावर होतात. काहीतरीच सांगू नका."

तो बिचारा गप्प बसला. मी बोलायला लागले की माणसं गप्प बसतात. त्याचीही मला तेव्हा घमेंडच होती.

मग मी कानांची परीक्षा घेतली. नियम असा, की मुलाला आपल्या तोंडावरून काही कळू द्यायचं नाही. म्हणून मी फॉर्मची पाटी तोंडासमोर धरते आणि पाटीमागून हाक मारते. मारली. बॉबिन ढिम्म. त्याची नजर दारातून थांबलेल्या मागांवर. डाव्या कानामागे घंटी वाजवली. ढिम्म. उजव्या बाजूला खुळखुळा हलवला. तरीही नाही. रडणं थांबवून तो नुसता एक हात आडवा करून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवत राहिला. "निरर्थक हालचाली" असा एक रकाना आहे, त्यात मी तेही नोंदवलं. शब्द किती, तर एकही नाही. बडबड, नाही. पुस्तक नाही, खेळणी म्हणजे रिकामे बॉबिन आणि एक लाकडी धोटा, तो मागातून दोरा घेऊन इकडून तिकडे पळतो ना, तो. झिजला म्हणून पोराला दिलेला. घरातली माणसं मुलाशी बोलतात का, ह्या पंचेचाळिसाव्या प्रश्नापुढे मी ठसठशीत "नाही" लिहिलं. माझ्यादेखत त्या तासाभरात कुणी त्याच्याशी चकार शब्द काढला नव्हता. खाली बसत होते, तोंडासमोर तोंड नेत होते, परत उठून जात होते, बस्स.

बेरीज झाली अकरा. मी लाल रेघ ओढली.

हे सगळं चाललं होतं तेव्हा खोलीत आणखी एक जण होती. बॉबिनची आत्या, मागवाल्याची थोरली बहीण. स्वच्छ, नीटनेटकी, बोलताना तोंडासमोर हाताची चार बोटं धरायची सवय. मला ती फार सुसंस्कृत वाटली. तिला मूलबाळ नव्हतं आणि भाच्यावर जीव की प्राण. माझ्याकडे अर्ज तिनेच केला होता.

"मी ह्यांना कधीची सांगतेय," ती बोटांआडून म्हणाली, "ह्या खडखडाटात पोराचं वाटोळं होईल. माझ्याकडे शांत घर आहे. मी त्याला काही कमी पडू देणार नाही. पण माझं कोण ऐकतंय? आता तुम्ही म्हणाल ते. आमचं तसं ठरलंय सगळ्यांचं."

मागवाल्याने मान खाली घातली. आई माझ्याकडे बघत होती, माझ्या डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे. निकाल तिला तिथूनच कळणार होता.

"ऐकू येत नाही असा दाट संशय आहे," मी म्हटलं. "मोठ्या दवाखान्यातल्या कानांच्या तपासणीला तीन महिन्यांची रांग आहे. तोवर ह्या घरात ठेवणं योग्य नाही. आत्याकडे न्या. आजच न्या. आणि आईने सारखं येऊ-जाऊ नये, नाहीतर पोर रुळायचं नाही. महिनाभर लांबूनच काय ते. महिन्याने मी तिकडे येईन आणि मग कायमचं काय ते ठरवू."

आईचे ओठ हलले. आवाज नाही. मी समजले, शिव्या घालतेय. घालोत, म्हटलं, सवय आहे मला.

आत्याने बॉबिनला उचललं तेव्हा तो दाराबाहेर जाईपर्यंत मागे बघत होता आणि तो आडवा हात हलवत होता, इकडून तिकडे, इकडून तिकडे. आई एका हाताने मागाची कड धरून उभी होती. रडली नाही. त्याच्याकडे बघून तिने एकदा मान हलवली, एवढंच. मी मनात म्हटलं, दगड आहे बाई.

*

महिन्याने, आत्याचं घर. पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या कडेला, मोठ्या काचेच्या खिडकीचं. इतकी शांतता, की स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक बाहेर ऐकू येत होती. सतरंजीवर रंगीत ठोकळे, कापडी बाहुले, पुस्तकं तर आठ. मी खूण करत गेले, करत गेले, मला आनंदच होत होता. माझाच निर्णय, मीच त्याला गुण देत होते. नाकाने कांदे सोलायला मला तेवढंच निमित्त पुरतं.

"बोलता ना त्याच्याशी?" मी विचारलं.

"अहो, दिवसभर!" आत्या म्हणाली, तोंडासमोर बोटं धरून. आणि ते खरंच होतं. मी बसले तेवढ्या वेळात तिची जीभ टाळूला लागली नाही. ओट्याकडे तोंड करून भात कालवता कालवता, "आमचं सोनं कुठाय, आता मऊ मऊ भात खाणार, हो ना रे?" कपाटात डोकं घालून, "तुझं निळं झबलं कुठे गेलं गं बाई?" आवाज गोड, शब्द गोड. बॉबिन सतरंजीवर बसला होता, तिच्या पाठीकडे तोंड करून. एका ठोकळ्यावर दुसरा ठोकळा ठेवला नव्हता त्याने. चेहरा कसा, तर दुकान बंद करून गेल्यासारखा. माझ्याकडे बघितलं, पण माझ्या तोंडावर नजर नाही ठेवली ह्या वेळी. मला तर त्याने सोडूनच दिलं होतं.

"जेवत नाही फारसा," आत्याचा आवाज जरा खाली आला. "रुळेल म्हणता ना तुम्ही? फक्त एवढंच, की संध्याकाळी साडेपाचला तो खिडकीशी जातो आणि तोंड चावत बसतो. दात येताहेत बहुतेक. लाळ गळते नुसती. मी तेव्हा त्याचं दूध तापवत असते, येऊन पुसते."

पंचेचाळिसांपैकी एक्केचाळीस. फक्त शब्दांचा आणि कानांचा रकाना राहिला होता. मी घंटी काढायला पिशवीत हात घातला तेवढ्यात बॉबिन उठला.

उठला म्हणजे काय, ह्या बंद दुकानाची सगळी दारं एकदम उघडली. चार पायांवर तरातरा खिडकीशी गेला, चौकट पकडून उभा राहिला आणि काचेला नाक लावलं. स्वयंपाकघरातल्या घड्याळात साडेपाच. आत्या दुधाचं भांडं घ्यायला आत गेली. मी पिशवी तशीच टाकली आणि त्याच्यामागे जाऊन उभी राहिले.

रस्त्यापलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीवर त्याची आई उभी होती.

केसांत कापसाचे तंतू तसेच. मान वर करून, तोंड हे एवढं मोठं उघडून ती काहीतरी म्हणत होती. मधून गाड्या जात होत्या, माणसं जात होती, एकजण तिच्याकडे वळून बघून हसलासुद्धा. तिला कशाचं भान नव्हतं. बोलली आणि थांबली. भुवया उंचावून वाट बघत राहिली.

आणि बॉबिनचे ओठ हलले.

मोठे उघडले, मग ताणले, मग मिटले. थांबला. पलीकडून ती बोलली. ती थांबल्यावर हा. हा थांबल्यावर ती. एकदा ती हसली आणि त्याने गुडघे वाकवून उडीच मारली. मी सव्वीस वर्षं पोरं बघतेय हो. दात येणारं पोर कसं दिसतं ते मला कळतं, आणि गप्पा मारणारं पोर कसं दिसतं तेही कळतं. तो मुलखाचा बडबड्या होता. ह्या एवढ्याशा जिवाला बोलता येत होतं, नुसतं आवाजाविना.

मग एकेक आठवायला लागलं. आठ मागांच्या त्या आवाजात कोण कुणाला ओरडून सांगणार? ते ओठांनी बोलतात. म्हणून ती बाई माझ्या नाकाशी आली होती. म्हणूनच ती माणसं त्याच्यापुढे खाली बसत होती, तोंडासमोर तोंड नेत होती. हातातलं काम टाकून यायची, त्याच्या उंचीला बसायची, बोलायची आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायची. दिवसातून पन्नास वेळा. बाकीच्या घरांतून मी डोळ्यांनी बघून आलेय, आया भाजी निवडता निवडता बोलतात, बाप पेपरातून हुं म्हणतात. पोराकडे बघितल्याशिवाय त्याच्याशी बोलताच येणार नाही, असं घर मी एकच बघितलं आणि त्याला अकरा गुण दिले. त्याला हाक मारली तीही पाटीमागे तोंड लपवून. काय म्हणावं मला?

"इकडे या," मी आत्याला हाक मारली. "दूध राहू द्या. आधी इकडे या."

ती पदराला हात पुसत आली. तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही रोज येते?" ती पुटपुटली.

"मीच म्हटलं होतं, लांबूनच काय ते," मी म्हणाले. "शब्दाला जागली ती. तुम्हाला कळतंय का ती काय बोलतेय?"

आत्या खिडकीच्या कडेला भिंतीआड सरकली. मग म्हणाली, "माझा जन्म त्याच घरातला ना." आणि खिडकीबाहेर बघत, थांबत थांबत, ती मला मोठ्याने सांगायला लागली. "म्हणतेय, जेवलास का... सगळं संपवलंस का... आत्याला त्रास देऊ नको... आत्या लाड करते ना... आत्याचं ऐकायचं, आत्या फार..."

पुढचं तिला म्हणवेना. मी वाट बघितली.

"आत्या फार चांगली आहे, म्हणतेय," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "मी बघत नाहीये ह्याची खात्री आहे तिला. कुणालाच कळत नाहीये असं समजून बोलतेय ती. आणि तरी हेच बोलतेय."

"आणि हा?"

"हा म्हणतोय आई. नुसतं आई, आई. आणि ये." बॉबिनने चौकट सोडली, एक हात आडवा केला आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवला. माझा "निरर्थक हालचाली"चा रकाना. आत्याने डोळे मिटून घेतले. "ही धोट्याची खूण. धोटा पळतो तसा हात. माग म्हणायचं असलं की आम्ही असं करायचो. माग म्हणजे घर. तो म्हणतोय, घरी."

रस्त्यापलीकडे आईने मान हलवली. एकदाच. महिन्यापूर्वी मी तिला दगड म्हटलं होतं ते ह्याच मान हलवण्याला.

"तुम्हाला हे येत होतं," मी आत्याला म्हणाले, आणि खरं सांगते, माझा आवाज चढला. राग तिचा नव्हता, स्वतःचाच होता, पण तो काय, समोर दिसेल त्याच्यावर निघतो. "तुम्हाला येत होतं आणि तुम्ही महिनाभर त्याची लाळ पुसत बसलात?"

"माझ्या ध्यानीमनी नव्हतं हो!" ती कळवळून म्हणाली. "आम्ही आधी आवाजाने बोलायला शिकलो आणि मग हे. ह्याने उलटं केलं असेल हे कुणाला सुचणार? आणि मी तर... मी लग्न होऊन आले तेव्हा सासरची सगळी हसायची. सून तोंड वासून बोलते म्हणून नकला करायची. मी आरशापुढे बसून बसून बारीक तोंडाने बोलायला शिकले. तरी खात्री नव्हती, म्हणून मग..." तिने हात वर नेला, तोंडासमोर चार बोटं धरली आणि ती तिथे आहेत हे तिला तेव्हाच दिसलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच दिसलं असावं. "महिनाभर ह्याने माझं तोंडच बघितलं नाही," ती म्हणाली.

मीही त्यातलीच.

तिने हात खाली घेतला. बॉबिनच्या शेजारी गुडघ्यांवर बसली, त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि तोंड उघडलं. चांगलं मोठं. सासरच्यांनी हसावं तेवढं मोठं. आवाज न करता तिने काहीतरी म्हटलं. बॉबिन तिच्याकडे बघतच राहिला. महिनाभर ज्या बाईने त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, कडेवर झोपवलं, ती त्याला त्या क्षणी दिसली. त्याने हात पुढे केला आणि तिचा खालचा ओठ पकडला.

मग आत्या उठली, काचेवर थाप मारली आणि रस्त्यापलीकडच्या बाईला हात करून वर बोलावलं.

आईचा चेहरा बघवेना. चोरी पकडल्यागत ती पायरीवरून मागे सरकली, पळायलाच निघाली होती. आत्याने पुन्हा थाप मारली आणि ओठांनी काही सांगितलं. ती जागच्या जागी थबकली. मग अशी धावत सुटली, की एका सायकलवाल्याने तिच्या नावाने बोटं मोडली.

जिन्यावर पावलं वाजली. बॉबिन दाराकडे पाठ करून खिडकीतून खाली तिला शोधत होता. आणि पावलं वाजली तसा तो वळला. मी घंटी वाजवली नव्हती, खुळखुळा हलवला नव्हता. तो आपणहून वळला, अजून न उघडलेल्या दाराकडे. घंटी त्याच्या कामाची नव्हती, ही पावलं होती. मी ते बघितलं. पुढे मोठ्या दवाखान्यात यंत्राने त्याचे कान तपासले तेव्हा ते ठणठणीत निघाले, पण माझ्यापुरती तपासणी तिथेच झाली.

दार उघडलं. आईला आत यायचं धाडस होईना, उंबऱ्यातच उभी. बॉबिनने रांगत तिला गाठलं आणि तिच्या पायांना मिठी मारली. तिने त्याला उचललं आणि माझ्याकडे बघून, आवाज फुटत फुटत, म्हणाली, "बाई, मी लांबूनच बघत होते. एकदाही वर आले नाही. विचारा वन्संना. माझ्यावर रागावू नका."

मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "तुझ्यावर कशाला रागावू?" मी म्हटलं. "मी चुकले. तुझं पोर घरी ने. तुझ्यासारखी आई मी सव्वीस वर्षांत बघितली नाही." एवढं सरळ मी कुणालाच कधी बोलले नव्हते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, ऐकलं ते खरं आहे का हे ओठांवरून पडताळून बघत होती बहुतेक.

मग तिने आत्याकडे बघितलं. माझा फॉर्म म्हणेल ते, असं सगळ्यांचं ठरलं होतं. आत्या म्हणाली असती, की एक्केचाळीस गुणांचं घर आहे, पोर माझ्याकडेच राहू दे, तर फॉर्म तिच्याच बाजूने होता.

आत्याने निळं झबलं घडी करून पिशवीत घातलं. मग जाऊन वहिनीपुढे उभी राहिली आणि ओठांनी काहीतरी म्हणाली. थोडकंच होतं. आई एकदम हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. आणि मोठ्याने, अगदी जिन्यात घुमेल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "अहो चला की, वन्सं! विचारता काय?"

विचारलं काय होतं, ते मला कळलंच नाही.

मी न बोलावताच त्यांच्याबरोबर गेले. पुढे आई आणि तिच्या खांद्यावर बॉबिन, मागे आत्या, तिच्या मागे मी. वळणावरून मागांचा आवाज यायला लागला तशी बॉबिनने मान टाकली आणि घरात शिरेपर्यंत गाढ झोपला. आठही माग चालू होते. मागवाल्याने आम्हाला दारात बघितलं. पोराला बघितलं, बहिणीला बघितलं. धावला नाही. फक्त एक माग थांबवला, कारण त्याचा दोरा तुटला होता.

सात माग कानठळ्या बसवत होते, आणि बॉबिनने टक्क डोळे उघडले. मान वर करून त्याने बरोबर त्या थांबलेल्या मागाकडे बघितलं. मग बापाकडे. बाप गुडघ्यांवर बसला आणि तोंड उघडून त्याच्याशी बोलायला लागला. आत्या त्याच्याशेजारी खाली बसली, कोऱ्या स्वच्छ साडीनिशी, कापसाच्या केरात.

तेव्हापासून दुपारी तासभर माग बंद असतात तेव्हा ती रोज येते आणि बॉबिनशी मोठ्याने बोलते, गाते, कोंबड्यासारखी आरवते. आवाजाचंही शिकवायला हवंच, ते काही मी नाकारत नाही. आता तो दोन्हीत बोलतो आणि दोन्हीत हट्ट करतो. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी मी स्टुलावर बसले, पेल्यातल्या थरथरत्या पाण्याशेजारी जुना फॉर्म ठेवला आणि पंचेचाळिसाव्या प्रश्नापुढचं "नाही" खोडलं. दोन रेघा मारून, खाली सही करून. लाल रेघही खोडली.

मग मला राहवेना. मी आईला खुणेने जवळ बोलावलं आणि तिच्या कानात ओरडले, "ह्याच्या आत्या तुला तिकडे दारात काय म्हणाल्या?"

तिने डोकं हलवलं, कानात सांगायचं नाही म्हणून. माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली, माझी हनुवटी धरून माझा चेहरा आपल्याकडे वळवला आणि बॉबिनला सांगावं तसं सावकाश, ओठ मोठे करून, म्हणाली. मला कळलं नाही. ती रागावली नाही. थांबली, भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाली. तिसऱ्या वेळेला मी तिच्याबरोबर माझेही ओठ हलवून बघितले, आणि ते आपोआप जुळत गेले.

मी पण येऊ?